सीईटीची तयारी: वाचकांचे प्रश्न

बारावीची लेखी परीक्षा संपते आणि एमएचटी-सीईटीपर्यंत, म्हणजे अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र अशा अभ्यासक्रमांच्या राज्याच्या प्रवेश परीक्षेपर्यंत, हातात थोडेच आठवडे उरतात. यंदा आलेली बहुतेक पत्रं त्या आठवड्यांबद्दलच आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत. परीक्षेच्या तारखा आणि अर्जाच्या मुदती इथे मुद्दाम दिलेल्या नाहीत, त्या सीईटी सेलच्या (परीक्षा घेणाऱ्या राज्याच्या कक्षाच्या) माहितीपुस्तिकेतूनच घ्याव्यात.

प्रश्न: भौतिकशास्त्र-रसायनशास्त्राच्या सराव परीक्षेत दर वेळी माझे वीस-पंचवीस प्रश्न वाचायचेच राहून जातात. घरी येऊन तेच प्रश्न सोडवले की त्यातले बरेचसे येतात. वेग कसा वाढवायचा?
— बारावीची विद्यार्थिनी, परभणी

उत्तर: आधी वेळेचा हिशेब मांड. पहिल्या ९० मिनिटांत भौतिकचे ५० आणि रसायनचे ५० प्रश्न, प्रत्येकी १ गुण. म्हणजे सरासरी एका प्रश्नाला ५४ सेकंद. ही सरासरी दोन्ही विषयांना सारखीच लावली की गणित चुकतं. रसायनातला आठवणीवरचा प्रश्न, म्हणजे एखाद्या अभिक्रियेचं नाव, अभिकर्मक किंवा संयुगाचा आकार, येत असेल तर वीस सेकंदांत सुटतो. येत नसेल तर पाच मिनिटं बघत बसूनही सुटत नाही. भौतिकात मात्र सूत्र आठवल्यावरही आकडेमोड शिल्लक असते. म्हणून रसायनाला ३५ मिनिटं, भौतिकाला ५० आणि मागे ठेवलेल्या प्रश्नांना ५ अशी वाटणी करून बघ. सुरुवात रसायनानं कर. भौतिक आधी घेतलं तर त्यातली अवघड गणितं रसायनाचा वेळ खातात, आणि शेवटच्या दहा मिनिटांत जे प्रश्न राहतात ते नेमके वीस सेकंदांत सुटणारे असतात. तुझे 'घरी येणारे' प्रश्न बहुधा याच गटातले आहेत. मागच्या दोन पेपरांत कोणते प्रश्न राहिले ते काढून बघ, लगेच कळेल.

प्रश्न वाचून झाल्यावर पंधरा-वीस सेकंदांत वाट दिसली नाही तर थांबू नकोस. त्यातल्या त्यात बरा वाटणारा पर्याय निवड, खूण करून ठेव आणि पुढे जा. सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, त्यामुळे मागे फिरायला वेळ मिळाला नाही तरी तो प्रश्न कोरा राहत नाही. चार पर्यायांतून डोळे मिटून निवड केली तरी सरासरी चारातला एक बरोबर येतो. वीस प्रश्न कोरे सोडणं म्हणजे सुमारे पाच गुण सोडून देणं.

वेळ खाणारी दुसरी गोष्ट आकडेमोड. बोर्डाच्या परीक्षेत लॉग टेबल वापरता येतं, सीईटीत लॉग टेबलही नाही आणि कॅल्क्युलेटरही नाही. वर्षभर टेबलच्या आधारानं सोडवलेली उदाहरणं इथे हातानं करताना अडकायला होतं. यासाठी चार लॉग पाठ असू देत: २ चा ०.३०१, ३ चा ०.४७७, ५ चा ०.६९९, ७ चा ०.८४५. बाकीचे यांच्या बेरजा-वजाबाक्यांतून निघतात. पहिल्या कोटीच्या अभिक्रियेत तर लॉग बऱ्याचदा लागतच नाही. ७५ टक्के अभिक्रिया पूर्ण म्हणजे दोन अर्धायुष्यं, ८७.५ टक्के म्हणजे तीन, ९९.९ टक्के म्हणजे जवळजवळ दहा, कारण २ चा दहावा घात १०२४ असतो. ९० टक्क्यांसाठी ३.३२ अर्धायुष्यं धर. २९८ केल्विनला २.३०३ गुणिले आर गुणिले टी हा गुणाकार साधारण ५.७ किलोज्यूल प्रति मोल येतो, तो दर वेळी नव्यानं करायची गरज नाही.

भौतिकात उत्तर काढण्याआधी पर्यायांमधलं अंतर बघायची सवय लाव. पर्याय एकमेकांपासून दहा टक्क्यांहून दूर असतील तर पायचा वर्ग १० धरून चालतं, कारण खरी किंमत ९.८७ आहे. पर्याय अगदी जवळजवळचे असतील तर अशी सूट घेऊ नकोस. आणि एककं पहिल्या ओळीतच बदलून घे. सेल्सिअसचं केल्विन न करणं, व्यास दिलेला असताना त्रिज्या समजणं, सेंटिमीटर तसेच ठेवणं, या चुकांची उत्तरं पर्यायांत हमखास दिलेली असतात. त्यामुळे आपलं चुकलंय हे कळतच नाही.

प्रश्न: अकरावीचा अभ्यास मागे पडला आहे. सीईटीत अकरावीवर साधारण २० टक्केच प्रश्न असतात, तेवढ्यासाठी सगळी अकरावी वाचायची की सोडून द्यायची?
— विद्यार्थी, मिरज

उत्तर: सगळी अकरावी सीईटीला नाहीच. माहितीपुस्तिकेत अकरावीच्या ठरावीक प्रकरणांची यादी असते, तीच तेवढी करायची. भौतिकात प्रतलातील गती, गतीचे नियम, गुरुत्वाकर्षण, पदार्थांचे औष्णिक गुणधर्म, ध्वनी, प्रकाशशास्त्र, स्थिरविद्युत आणि अर्धवाहक ही आठ प्रकरणं, आणि त्यांवर सुमारे १० प्रश्न. बारावीच्या सोळा प्रकरणांवर सुमारे ४०. प्रकरणामागे हिशेब केला तर बारावीचं प्रकरण अकरावीच्या दुप्पट गुण देतं. तेव्हा पहिला हक्क बारावीचाच.

तरीही अकरावी सोडू नकोस. ती वेगळी वाचण्याऐवजी बारावीला जोडून वाच. अकरावीचं स्थिरविद्युत आणि बारावीचं स्थिरविद्युत एकाच बैठकीत होतं. ध्वनी तरंगांच्या अध्यारोपणाबरोबर घे, प्रकाशशास्त्र तरंग प्रकाशिकीबरोबर, औष्णिक गुणधर्म वायूंच्या गतिज उपपत्तीबरोबर, अर्धवाहक बारावीच्या अर्धवाहकांबरोबर. रसायनातही तसंच आहे. रेडॉक्स नीट झालं नसेल तर विद्युत रसायनात ऑक्सिडीकरणांक काढतानाच अडखळायला होतं. मोलची संकल्पना कच्ची असेल तर द्रावणांचं प्रकरण कच्चं राहतं. सेंद्रिय रसायनाची मूलतत्त्वं आणि हायड्रोकार्बन वगळून हॅलोजन संयुगं पाठ करणारे फार आहेत, आणि पाठांतर टिकत नाही ते त्यामुळेच. गणितात सीमा, फलने आणि सातत्य हे विकलनाचा पाया आहेत. क्रमचय-संचय आणि संभाव्यता केल्याशिवाय द्विपद वितरणात हात घालू नकोस.

मग ज्यांना बारावीत जोडीदार नाही अशी थोडीच प्रकरणं उरतात: गतीची दोन, गुरुत्वाकर्षण, वर्तुळ, संमिश्र संख्या, अपस्करणाची परिमाणे, पहिल्या दोन गणांतली मूलद्रव्ये, अधिशोषण आणि कलिले, दैनंदिन जीवनातील रसायनशास्त्र. यातली रसायनाची प्रकरणं लहान आणि आठवणीची आहेत, ती शेवटच्या पंधरवड्यात वाचलीस तर ताजी राहतील. अपस्करण हे प्रकरण गणितात सगळ्यात स्वस्त आहे. प्रसरण आणि प्रमाण विचलनाची दोन-तीन सूत्रं, आणि सगळ्या निरीक्षणांत एकच संख्या मिळवली तर प्रसरण बदलत नाही पण एकाच संख्येनं गुणलं तर त्या संख्येच्या वर्गानं गुणलं जातं हा एक गुणधर्म. गणिताचा प्रत्येक प्रश्न २ गुणांचा आहे हे लक्षात ठेव.

प्रश्न: मुलाला सराव परीक्षेत २०० पैकी १२० च्या आसपास गुण पडतात. याचे किती पर्सेंटाइल होतात याबद्दल प्रत्येक जण वेगळा आकडा सांगतो. नेमकं कसं काढायचं?
— पालक, नाशिक

उत्तर: गुणांवरून आधीच पर्सेंटाइल काढता येत नाही, म्हणूनच तुम्हाला वेगवेगळे आकडे ऐकू येतात. परीक्षा अनेक सत्रांत होते आणि प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी असते. तुमच्या मुलाच्या सत्रात जितक्या जणांना त्याच्याइतके किंवा त्याच्यापेक्षा कमी गुण मिळाले, त्या संख्येला सत्रात बसलेल्या एकूण मुलांच्या संख्येनं भागून १०० नं गुणलं की पर्सेंटाइल मिळतं. समजा सत्राला २०,००० मुलं बसली आणि १८,८०० जणांचे गुण त्याच्याइतके किंवा कमी आहेत, तर पर्सेंटाइल ९४. पेपर अवघड निघाला तर हेच ९४ कमी गुणांत मिळतं, सोपा निघाला तर जास्त गुण लागतात. म्हणून 'आमचं सत्र अवघड होतं, नुकसान झालं' ही भीती बाळगायचं कारण नाही. तुलना त्याच सत्रातल्या मुलांशी होते.

दोन बाबतींत पालकांची गल्लत होते. एकूण पर्सेंटाइल हे तीन विषयांच्या पर्सेंटाइलची सरासरी नसतं, ते एकूण गुणांवरून स्वतंत्रपणे काढतात. आणि सराव परीक्षेतलं पर्सेंटाइल फक्त त्या सराव परीक्षेला बसलेल्यांपुरतं खरं असतं. एखाद्या क्लासच्या निवडक तुकडीत ८० आलेल्या मुलाचं राज्याच्या यादीतलं स्थान बरंच वर असू शकतं. उलटही होतं.

बोर्डाच्या गुणांकडे मात्र दुर्लक्ष करू नका. अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी बारावीच्या संबंधित विषयांत खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के आणि महाराष्ट्रातल्या राखीव प्रवर्गांना ४० टक्के लागतात. सीईटीत उत्तम पर्सेंटाइल असूनही ही अट हुकली तर प्रवेश मिळत नाही.

प्रश्न: गणितात सूत्रं सगळी येतात, पण पेपरात बारा-पंधरा उत्तरं चुकतात. कुठे चुकतंय तेच कळत नाही.
— विद्यार्थिनी, अकोला

उत्तर: पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) गटात २०० पैकी १०० गुण गणिताचे आहेत. ५० प्रश्न, ९० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला १०८ सेकंद. वेळ तुलनेनं बरा आहे, तेव्हा इथे घाई करून चुकणं परवडत नाही. दोन्ही भागांचा वेळ वेगळा असतो हेही लक्षात असू दे. भौतिक-रसायन लवकर संपवलं म्हणून गणिताला वाढीव मिनिटं मिळत नाहीत, आणि गणित सुरू झाल्यावर मागे जाता येत नाही.

सूत्र येत असतानाही उत्तर चुकतं ते बहुतेक वेळा ठरलेल्या जागी चुकतं. रेषांच्या जोडीच्या समीकरणात एक्स-वाय पदाचा गुणक २एच असतो. प्रश्नात तो ७ दिला असेल तर एच साडेतीन. घाईत एच ७ धरलं जातं आणि कोनाचं उत्तर सरळ दुसऱ्या पर्यायावर जातं. व्यस्त त्रिकोणमितीय फलनांत मुख्य किंमतीची कक्षा विसरली जाते: १५० अंशांच्या साइनचा व्यस्त साइन ३० अंश आहे, १५० नाही. तर्कशास्त्रात 'जर पी तर क्यू' याचा नकार 'पी आणि क्यू नाही' असा होतो, पण अनेक जण 'जर पी नाही तर क्यू नाही' निवडतात. निश्चित संकलनात चल बदलला की मर्यादाही बदलायच्या असतात. संभाव्यतेत 'किमान एक' असं दिसलं की एकातून 'एकही नाही' वजा करायचं, सगळ्या शक्यता मोजत बसायचं नाही. गेल्या पाच-सहा पेपरांतली तुझी चुकलेली उत्तरं या दृष्टीनं तपास. पंधरा चुका म्हणजे पंधरा वेगळी कारणं नसतात. पाच-सहाच कारणं पुन्हा पुन्हा येताना दिसतील.

पर्यायांचा वापर करून घेणं यात काही कमीपणा नाही. अनिश्चित संकलन लांबलचक दिसलं तर पर्यायाचं विकलन करून मूळ फलन येतं का बघ, कित्येकदा ते संकलनापेक्षा सोपं पडतं. एखाद्या सर्वसमीकरणात कोन ३० किंवा ४५ अंश घालून पर्याय गाळता येतात. मात्र शून्य आणि ९० अंश घालू नकोस, तिथे दोन-तीन पर्याय एकाच किंमतीला येऊन मिळतात. शून्य ते पाय छेद दोन या मर्यादांत अंशात साइनचा कोणताही धन घात आणि छेदात साइन व कोसाइनच्या त्याच घातांची बेरीज असेल, तर उत्तर पाय छेद चार. घात कितीही मोठा दिला असला तरी घाबरायचं नाही.

प्रश्न: परीक्षेपर्यंत किती सराव पेपर सोडवावेत? मित्र रोज एक सोडवतो.
— विद्यार्थी, चिपळूण

उत्तर: रोज एक सोडवून पुढच्या दिवशी तो बाजूला ठेवणार असाल तर ते श्रम वाया जातात. तीन तासांचा पेपर सोडवल्यावर किमान तितकाच वेळ तो तपासायला लागतो, आणि गुण तपासण्यानं वाढतात, नुसते पेपर मोजून नाही. सुरुवातीला आठवड्याला दोन पुरे. शेवटच्या दहा दिवसांत एक दिवसाआड घ्या.

तपासताना चुकलेल्या आणि सोडलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे कारण लिहा. संकल्पनाच माहीत नव्हती का? माहीत होती पण ऐन वेळी आठवली नाही का? वाचनात किंवा आकडेमोडीत घोटाळा झाला का? की वेळच उरला नाही? या चारांवर औषधं वेगळी आहेत. संकल्पना माहीत नसेल तर पाठ्यपुस्तकाकडे परत जावं लागतं, आणखी पेपर सोडवून ती येत नाही. आठवत नसेल तर ती सूत्रं किंवा अभिक्रिया एका पानावर काढून तीन दिवसांनी आणि पुन्हा आठवड्यानं न बघता लिहायच्या. वाचनातल्या घोटाळ्यावर उपाय साधा आहे: 'नाही', 'चुकीचे विधान', 'गुणोत्तर' असे शब्द दिसले की कच्च्या कागदावर टिपायचे. वेळेचा प्रश्न असेल तर वर परभणीच्या वाचक विद्यार्थिनीला दिलेलं उत्तर वाचा. योगायोगानं बरोबर आलेली उत्तरंही 'चुकली' याच खात्यात टाका, नाहीतर गुण फुगलेले दिसतात आणि कच्ची प्रकरणं झाकली जातात.

पेपर संगणकावरच सोडवा. कागदावर आकृतीवर खुणा करता येतात, पडद्यावर ती आकृती आधी कच्च्या कागदावर काढून घ्यावी लागते. या फरकाची सवय आधी झालेली बरी. प्रश्नांसाठी बालभारतीच्या पुस्तकातली स्वाध्यायातली आणि सोडवलेली उदाहरणं आधी संपवा. भौतिक, रसायन आणि गणिताची काठिण्यपातळी जेईई मेनच्या जवळ ठेवल्याचं सेल सांगतं, पण अभ्यासक्रम राज्य मंडळाचा आहे. जेईईच्या जाड पुस्तकांतून अभ्यासक्रमाबाहेरची प्रकरणं करत बसलात तर वेळ चुकीच्या ठिकाणी जातो.

प्रश्न: मी नीटची तयारी करते आहे. सीईटीच्या जीवशास्त्रासाठी वेगळं काही करावं लागेल का?
— विद्यार्थिनी, लातूर

उत्तर: हो, दोन गोष्टी. नीटचा आधार एनसीईआरटी आहे, सीईटीचा राज्य मंडळाचं पुस्तक. उदाहरणं, तक्ते आणि काही वेळा संज्ञाही वेगळ्या आहेत, तेव्हा बारावीचं राज्य मंडळाचं पुस्तक निदान एकदा ओळीओळीनं वाच. आकृत्यांवरची नावं आणि चौकटीतली माहिती वगळू नकोस. अकरावीतून फक्त चार प्रकरणं आहेत: जैवरेणू, श्वसन व ऊर्जा रूपांतरण, मानवी पोषण, उत्सर्जन व परासरण नियमन. त्यांवर १०० पैकी सुमारे २० प्रश्न येतात, म्हणजे प्रकरणामागे पाच. बारावीच्या पंधरा प्रकरणांवर ८०, म्हणजे तिथेही प्रकरणामागे पाचच्या थोडं वर. इतर विषयांसारखी इथे अकरावी स्वस्त नाही, बारावीच्या तोडीची आहे.

दुसरं, नीटमध्ये चुकीच्या उत्तराला गुण कापतात म्हणून प्रश्न सोडून देण्याची सवय लागते. ती इथे मोडायला हवी.

प्रश्न: दहावीपर्यंत मराठी माध्यम होतं. अर्जात भाषा मराठी निवडावी का?
— विद्यार्थी, नंदुरबार

उत्तर: भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र मराठीतून घेता येतं, गणिताचा पेपर मात्र इंग्रजीतच असतो. निर्णय दहावीवरून घेऊ नकोस, अकरावी-बारावीत तू कोणत्या भाषेतल्या पुस्तकातून शिकलास त्यावरून घे. दोन वर्षं 'पोटेन्शियल', 'रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स' असे शब्द वापरले असतील तर पेपरात 'विभव', 'अपवर्तनांक' वाचताना प्रत्येक वेळी मनात उलथापालथ करावी लागेल, आणि ५४ सेकंदांत ती परवडत नाही. शिकणंच मराठीतून झालं असेल तर निःसंकोच मराठी निवड. मग गणितापुरते इंग्रजी शब्द, 'अॅट लीस्ट', 'नॉर्मल', 'लोकस', 'कोलिनिअर' असे, वेगळे काढून पक्के कर. हे शब्द फार नाहीत, आठवड्याभरात होतात.

प्रश्न: परीक्षेच्या दिवशी संगणकावर काही चुकेल याची फार भीती वाटते.
— विद्यार्थिनी, सावंतवाडी

उत्तर: प्रवेशपत्र आणि मूळ ओळखपत्र बरोबर असू दे, आणि प्रवेशपत्रावर छापलेली हजर राहण्याची वेळ पाळ. पडद्यावर लॉग-इन झाल्यावर स्वतःचं नाव, छायाचित्र, गट आणि भाषा बघून घे. काही वेगळं दिसलं तर पेपर सुरू होण्याआधी पर्यवेक्षकांना सांग.

उत्तरावर नुसतं क्लिक करून बाजूच्या तक्त्यातल्या दुसऱ्या प्रश्नक्रमांकावर उडी मारू नकोस. पर्याय निवडल्यावर 'सेव्ह अँड नेक्स्ट' दाबायचं, मगच पुढे. भाग संपायला पाच मिनिटं उरली की क्रमांकांच्या तक्त्यावरून नजर फिरव, उत्तर न दिलेले प्रश्न वेगळ्या रंगात दिसतात. कच्च्या कागदावर प्रत्येक गणिताशेजारी प्रश्नक्रमांक लिही, परत आल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. संगणक मध्येच बंद पडला तर स्वतः काही दाबत बसू नकोस. हात वर कर आणि किती वेळ उरला होता ते सांग.

परीक्षेनंतर सेल उत्तरसूची आणि तू दिलेली उत्तरं लॉग-इनमध्ये उपलब्ध करून देतं. एखादं उत्तर चुकीचं वाटलं तर ठरावीक मुदतीत, प्रत्येक प्रश्नामागे शुल्क भरून हरकत घेता येते. हरकत घेताना पाठ्यपुस्तकाचं पान किंवा पूर्ण सोडवलेलं उत्तर जोड.